भिंतीपलीकडचा तास

६ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा हसले! नरसंहाराचा तास, आणि भिंतीपलीकडे हसू! भिंत कसली, नुसतं प्लायवूड. यंदा अकादमीत कॅडेट वाढले म्हणून मोठ्या वर्गाचे दोन केले आणि माझ्या विषयाचेही दोन तुकडे झाले. अर्धी मुलं माझ्याकडे, अर्धी त्याच्याकडे. तो म्हणजे निवृत्त मेजर. येऊन दोन महिने झाले नाहीत, तर मुलं त्याला 'दादा' म्हणायला लागली. मला 'गुरुजी' म्हणतात, तेही पाठीमागे. खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत शिकलो, ते अजून अंगावर दिसत असावं.

मी पोलीस तुकडीबद्दल सांगत होतो. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन तुकडी. कमांडर पहाटे म्हणाला, गावातल्या बायकापोरांना मारायचंय. वयस्कर शिपायांपैकी ज्याला जमणार नाही त्याने पुढे यावं. पाचशेच्या आसपास माणसं उभी. पुढे आले जेमतेम डझनभर. इथे मी दरवर्षी थांबतो. मुलं आपल्या बुटांकडे बघतात.

आज थांबलो, तर त्या शांततेत पलीकडचं हसू आलं. आणि माझी मुलंही हसली. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कमांडंटसाहेबांनी सांगितलं — जानेवारीपासून पुन्हा एकच वर्ग, एकच शिक्षक. "दोघांपैकी कोण, ते बघू."

बघू! हा विषय इथे आणला कोणी? तेव्हा सगळे विचारत होते, "होणाऱ्या अधिकाऱ्यांना हे रडगाणं कशाला?" एकेकाचे उंबरे झिजवले मी. ज्याच्या हाताखाली बंदूकधारी माणसं असणार, त्यालाच हे आधी कळलं पाहिजे, असं सांगून सांगून तोंड दुखलं. आणि आता 'बघू'!

घरी सांगितलं. ही म्हणाली, "अहो, सवत आल्यासारखं काय वागताय?"

मला हसू आलं नाही. तिला मात्र बराच वेळ आलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

तो स्वतः माझ्या खोलीत आला. दोन चहाचे कप, एकेका हातात एक. दार कोपराने ढकललं.

"सर, तुमची टिपणं मिळतील का? मला नुसत्या गप्पा मारता येतात. शिकवणं तुमचं."

टिपणं दिली. रवांडातल्या रेडिओची सोडून. ती माझी सगळ्यांत चांगली. रेडिओवरून शेजाऱ्याला रोज झुरळ म्हणत गेलं की हात उचलणं कसं सोपं होतं, ते मी त्यात एकेक पायरी लावून मांडलंय. "शोधून देतो," म्हटलं. टेबलावरच होती, पेपरवेटखाली. त्याला दिसलीही असतील. चहा चांगला होता, हे आणखी वाईट.

संध्याकाळी जपाला बसलो. बोटं मणी ओढत होती आणि डोक्यात ते दोन कप.

१५ ऑक्टोबर, बुधवार

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. आवाज इतका बारीक की सगळे तिला म्याऊ म्हणतात. कवायतीच्या मैदानावर उस्ताद रोज ओरडतात, "बाई, हुकूम देतेस की कानात सांगतेस?" तिने आज हात वर केला.

"सर, ते पुढे आलेले शिपाई... त्यांना काय शिक्षा झाली?"

"मोठ्याने बोल."

तिने पुन्हा विचारलं. म्हटलं, "शिक्षा अशी काही नाही. सोबतच्यांनी त्यांना भित्रे म्हटलं, टोमणे मारले."

"एवढंच? मग बाकीचे का नाही आले?"

चांगला प्रश्न. त्यावर तर माझा सगळा विषय उभा आहे. पण तेवढ्यात पलीकडे बाकं सरकली, कोणीतरी म्हणालं, "दादा, एक मिनिट, थांबा ना!" — तास संपल्यावरही त्यांना थांबायचं होतं! माझं चित्त उडालं. "पुढच्या तासाला सांगतो," म्हटलं.

ती खाली बसली. सांगायचं राहून गेलंय.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज पलीकडे आवाजच नव्हता. हसण्यापेक्षा ते जास्त टोचलं. खडू हातात धरून मी ऐकत राहिलो. माझी मुलंही ऐकत होती, कोणी लपवत नव्हतं.

तो स्वतःचं सांगत होता. परदेशात शांतिसेनेत होता तेव्हाचं. छावणीच्या फाटकावर त्याची नेमणूक. बाहेर माणसं, पोरं कडेवर. मागे दंगेखोर. वरून हुकूम — कोणालाही आत घ्यायचं नाही. "मी फाटक बंद ठेवलं," तो म्हणाला. "कडी माझ्या हातात होती. हुकूम पाळल्याबद्दल मला कोणी काही बोललं नाही. मुलांनो, आजवर कोणीच काही बोललेलं नाही."

इतकंच. मग खुर्चीचा आवाज.

मी या विषयावर आयुष्य घातलं. वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला. पण प्रेत पाहिलं ते फक्त वडिलांचं, तेही अंथरुणात, शांत झोपल्यासारखं. माझ्याकडे काय आहे? टिपणं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

त्या फाटकाचासुद्धा हेवा वाटतो मला. देवा, हे मी काय लिहितोय!

३० ऑक्टोबर, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. फाटकाची गोष्ट वर पोचली होती. कोणीतरी वरिष्ठ चिडले होते.

"एक अधिकारी वर्गात उभा राहून सांगतो की हुकूम पाळल्याची मला लाज वाटते," साहेब म्हणाले. "उद्या ही पोरं प्रत्येक हुकमावर विचार करत बसतील. त्याला जानेवारीपर्यंत न थांबता आत्ताच मोकळं करावं म्हणतोय. तुम्ही या विषयातले जुने. तुमचं मत सांगा, मी तसं नोंदवतो."

मत! या इमारतीत एवढं खरं कोणी कधी शिकवलं नव्हतं. मीही नाही. हे माझं मत. जिभेवर आलंही होतं.

"निर्णय तुमचा, साहेब," मी म्हणालो.

"म्हणजे हरकत नाही?"

मी समोरच्या बशीतली बिस्किटं बघत राहिलो. एक उचललंही.

"ठीक," साहेब म्हणाले, आणि लिहून घेतलं.

घरी येताना पावलं हलकी पडत होती. खोटं कशाला लिहू? हलकीच पडत होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हिला सांगितलं, विषय पुन्हा माझ्याकडे आला. ती भाजी निवडत होती. "आणि त्यांचं काय झालं?" म्हणाली. सांगितलं. "तुम्हाला विचारलं नाही कोणी?"

"विचारलं."

ती भाजी निवडत राहिली. थट्टा करायची संधी ही बाई कधी सोडत नाही. आज सोडली.

अकादमीच्या जिन्यात तो भेटला. त्याला सगळं कळलेलं होतं, माझ्या मतासकट. मी भिंतीकडे सरकलो. तो थांबला.

"सर, जायच्या आधी ती रेडिओची टिपणं तेवढी द्या हो. वाचायची राहिलीत."

आवाजात टोमणा शोधला. सापडला नाही. सापडला असता तर आज झोप लागली असती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मैदानावर साहेबांनी जाहीर केलं, मेजर सोमवारी जात आहेत. इथली रीत अशी — काहीही जाहीर केलं की साहेब शेवटी विचारतात, "शंका?" आणि सगळे एका सुरात ओरडतात, "नाही, साहेब!" तो प्रश्न नव्हेच. पूर्णविराम आहे तो. मी इथे आल्यापासून त्याला दुसरं उत्तर आलेलं नाही.

"शंका?"

"नाही, साहेब!"

साहेब वळले. तेवढ्यात रांगेतून काहीतरी आलं. पुसट. उस्तादांना वाटलं कोणी खोकलं.

"आहे, साहेब."

म्याऊ! ती रांगेतून एक पाऊल पुढे आली होती. "मेजर सरांना का काढलं, साहेब?"

उस्ताद धावले, तिला दंडाला धरून बाजूला नेलं. मेजर माझ्या शेजारीच उभा होता. डोळे भरलेले.

आणि मला काय वाटावं? भीती नाही, अभिमान नाही. वाटलं, घ्या! मुलगी माझ्या वर्गातली, आणि हिंमत याच्यामुळे आली. भिंतीतून ऐकून ऐकून. हेसुद्धा याचंच!

माळ हातात घ्यायची लाज वाटते.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच साहेबांचं बोलावणं. म्याऊ दाराशी सावधान उभी. तिचं नाव अकादमीतून काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेलेली.

"हिला विचारलं, हे कोणी शिकवलं?" साहेब म्हणाले. "मला वाटलं, मेजरचं नाव घेईल. तर म्हणते, गुरुजींनी. हे गुरुजी कोण, तेही विचारावं लागलं. तुम्ही शिकवलंत?"

हे एक वाक्य ऐकायला सगळं सत्र तळमळलो होतो.

"वर्गात शिकवलं, साहेब," मी म्हणालो. "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मला जमलं नाही. तिला जमलं. माझं मत खोडा. माझी हरकत आहे. तिला काढणार असाल तर त्यालाही आहे."

"बसा जरा," साहेब म्हणाले. "नीट विचार करून बोला."

मी बसलो नाही.