सुलतानची न्याहारी

६ जाने., मंगळ.
सुट्टी संपली, परत हॉस्टेल. खोलीत तीन खाटा आणि मी एकटी. दिवाळीनंतर एक नर्सिंगला गेली, दुसरीचं लग्न ठरलं. बाकीची बॅच बाइकवरून येते नि दुपारी घरी जाते. वॉर्डन मॅडमनी जुनाच प्रश्न विचारला, "एकटी राहशील ना?" म्हटलं, राहीन. घर कळंबला, घोड्यांच्या देखभालीचं हे कॉलेज चिंचोटीच्या अलीकडे, तबेल्याची हजेरी पहाटे साडेपाचला. न राहून जाते कुठे?

७ जाने., बुध.
आज टेंपोतून नवा घोडा उतरला आणि मी बघतच राहिले. सुलतान! आमच्या कळंबच्या किनाऱ्यावर दामूकाका पर्यटकांना ज्याच्यावर बसवून फिरवायचे तो. मी सातवीत असताना त्याच्यावरून पडलेय. काकांचे गुडघे गेले, वाळूत चालवत नाही, म्हणून त्यांनी कॉलेजला देऊन टाकला. नाव सुलतान, पण बरगड्या मोजून घ्या.

प. सरांनी (पराडकर सर, आमचे मुख्य) या टर्मसाठी प्रत्येकाला एकेक घोडा वाटला. सुलतानसाठी एकही हात वर नाही. सर म्हणाले, "तांडेल, तुझ्या गावचा आहे, तू घे." अट अशी की मार्चअखेर त्याचं वजन चाळीस किलो वाढलं पाहिजे आणि तो लहान मुलांच्या रायडिंगला चालला पाहिजे. नाहीतर विरारचा वरातवाला त्याला न्यायला तयारच आहे. बँड, फटाके, डोळ्यांवर लाइट. ट्रस्टींचं म्हणणं, कॉलेज म्हणजे पांजरपोळ नाही.

९ जाने., शुक्र.
खात नाही. गव्हाणीत चंदी घातली, ओट्स, हरभरा, कोंडा, वर गाजर. वास घेतला, तोंड फिरवलं. गवत तेवढं चघळतो, तेही मन मारून. ताप नाही, दात बरे, नाडी छत्तीस. पुस्तकात त्याला कसलाही आजार नाही.

गंमत एकच. कुणी मोबाइल वर केला की जागच्या जागी थांबतो आणि मान ताठ करून उभा राहतो. इतकी वर्षं फोटोच काढून घेतलेत ना. मुलं दिवसभर मुद्दाम मोबाइल दाखवतात नि हसतात. मीही हसले. मग वाईट वाटलं.

१४ जाने., बुध.
संक्रांत. मेसमध्ये तिळाचा लाडू मिळाला, गोड बोल म्हणायला समोर कोणी नव्हतं. सुलतानला नेऊन दिला. चाटला, सोडला. छातीभोवती वजनाची फीत लावून बघितली, आणखी चार किलो कमी.

१६ जाने., शुक्र.
आठवलं!! कळंबला काका त्याला गव्हाणीत कधी खायलाच घालायचे नाहीत. सुरूच्या झाडाखाली वाळूत गोणपाट पसरायचे नि त्यावर चंदी. शाळेत जाताना रोज बघायचे मी.

१७ जाने., शनि.
आज सगळे यायच्या आधी त्याला रिंगणाच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे वाळू आहे. गोणपाट पसरलं, चंदी ओतली, बाजूला उकिडवी बसून राहिले. पाच मिनिटं नुसता उभा. मग मान खाली. आणि खाल्लं! सगळं खाल्लं, गोणपाटाबाहेर सांडलेलंसुद्धा ओठांनी चाळून चाळून. मला रडूच आलं, वेडी कुठली.

सरांचा नियम, रतीब, म्हणजे रोजची चंदी, गव्हाणीतच. म्हणून त्याच्या खाण्याच्या चार्टवर लिहिलं, "गव्हाणीत, संपूर्ण." एवढ्याशा खोट्याने काय होतंय.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन. फितीत अकरा किलो वाढ. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तांडेलकडून शिका." बॅचमधली तन्वी, जिच्या घरचेच दोन घोडे आहेत, ती पहिल्यांदा आपण होऊन बोलायला आली. "काय देतेस गं त्याला?" म्हटलं, काही नाही, प्रेमाने देते. मोठी आले मी प्रेमवाली.

४ फेब्रु., बुध.
वाढ एकवीस किलो. सर म्हणाले, पुण्याकडच्या एका स्टड फार्मला, घोड्यांची पैदास करतात तिथे, आपल्या बॅचमधलं एक जण नोकरीला हवंय, एक एप्रिलपासून. "तुझा विचार करतोय." आईला फोन केला. ती बाजारात बसली होती, मागे गिऱ्हाइकांचा गलका. म्हणाली, "बरं हाय. जेवलीस का?" पुढचं ऐकू आलं नाही.

१० फेब्रु., मंगळ.
लिहूनच टाकते.

पहाटे सुलतान पुढचा पाय आपटत होता. वळून वळून पोटाकडे बघत होता. मग खाली बसला, लोळला. पोटाला कान लावला तर आत काहीच आवाज नाही, नुसती शांतता. मोतद्दार इस्माईलचाचांनी लगाम घालून त्याला चालवायला घेतलं, मी डॉक्टरांना फोन लावला. ते आले, नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं. विचारलं, "रतीब कशात देता?"

मी म्हटलं, "गव्हाणीत."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी पहाटे मला गोणपाट घेऊन जाताना पाहिलं असणार. हळूच म्हणाले, "बेटा, त्याचं पोट दुखतंय. तुझी लाज नंतर बघू."

तरी तोंड उघडेना. डॉक्टरांनी रात्रीच्या लिदीचे गोळे बादलीतल्या पाण्यात टाकून ढवळले, थोडा वेळ ठेवलं, वरचं पाणी ओतून दिलं. तळाला वाळू. चांगली मूठभर. मग मी सगळं सांगितलं. सर उभेच होते. फळीवरचा माझा चार्ट काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

दुपारी दोन वाजता त्याने लीद टाकली, म्हणजे पोट सुटलं. चाचा हसले. मला नाही हसता आलं.

११ फेब्रु., बुध.
सुलतान बरा आहे. माझ्याशी कोणी बोलत नाही. खरं तर आधीही बोलत नव्हतेच, फक्त आता त्याला कारण आहे.

किनाऱ्यावरचे घोडे असे वाळूनेच जातात म्हणे. डॉक्टर म्हणाले. आमच्या गावात "पोटात वारा धरला" म्हणायचे आणि ओवा पाजायचे. मी दोन टर्म शिकूनही त्याला वाळूतच खायला घातलं.

१३ फेब्रु., शुक्र.
आतली वाळू बाहेर पडायला महिनाभर इसबगोल. नायगावच्या मेडिकलमध्ये वीस पाकिटं मागितली. दुकानदार म्हणाला, "घरात माणसं किती?" म्हटलं, एकच, साडेतीनशे किलोचं. तो हसला. दोन दिवसांत माझ्याशी हसून बोललेलं हे पहिलं माणूस.

सुलतान माझ्याकडेच ठेवलाय, पण चार्ट चाचा लिहिणार. गव्हाणीत परत तोंड घालत नाही. इसबगोल पिचकारीने पाजावं लागतं.

२२ फेब्रु., रवि.
वाढ होती एकवीस, राहिली नऊ.

कळंबला गेले. किनारा माणसांनी भरलेला, कॉटेजवाल्यांची गाणी. सुरूच्या झाडाला सुलतानच्या दोराचा खोल वळ अजून आहे. दामूकाका ओटीवर पाय लांब करून एकटेच. काकी जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा नोकरीला दुबईत. मी सगळं सांगितलं, वाळूचं, खोटं बोलल्याचं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "पोरी, गोनपाटाचं काय घेऊन बसलीस? मी बसायचो ना तेच्या बाजूला. माजी चा-भाकरी नि तेची चंदी, दोगांची संगतीच. एकला खात नाय तो."

मग गुडघा चोळत म्हणाले, "मी पन नाय खात आता धड."

मला गोणपाट आठवलं, काका आठवले नाहीत. रोज शाळेत जाताना दोघांना बघत होते मी, आणि आठवलं काय, तर गोणपाट. त्या कोपऱ्यात तो खायचा तो मी उकिडवी बसायचे म्हणून. वाळू फुकटच खायला घातली त्याला.

निघताना आईने डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या दिल्या. बाबा जाळं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. जाताना म्हणाले, "घोडा बरा हाय ना?" म्हणजे आईने सांगितलंय.

२३ फेब्रु., सोम.
गव्हाणीत चंदी घातली आणि तिथेच उलट्या बादलीवर बसून डबा उघडला. बोंबलाच्या वासाने त्याने मान झटकली. मी खात राहिले. माझी दुसरी भाकरी होईपर्यंत तो नुसता बघत होता. मग गव्हाणीत तोंड. मी थांबले की तो थांबतो. मी घास घेतला की तो घेतो. तिसऱ्या भाकरीला पोटात जागा नव्हती, तरी खाल्ली.

एक मला आजच कळलं. मी दिवाळीपासून मेसमध्ये बसून जेवलेच नाहीये. ताट खोलीत नेते, अर्धं टाकते. इथे कोणासमोर बसून पोटभर खाल्लं ते आज.

२६ फेब्रु., गुरु.
सरांनी पकडलं. दारात उभे, माझ्या तोंडात घास. वाटलं, संपलं. मग खिशातून माझा तो घडी घातलेला चार्ट काढून दिला. "जे करतेस तेच लिही."

लिहिलं, "गव्हाणीत, संपूर्ण. सोबत मी."

२ मार्च, सोम.
होळी. आमच्या कोळीवाड्यात आज नाचून पाय दुखत असतील सगळ्यांचे. मी गेले नाही, सकाळची न्याहारी कोण करणार त्याच्यासोबत? आईने व्हिडिओ कॉल केला. मी मोबाइल वर धरला तर सुलतान फोटोसाठी मान ताठ करून उभा. आई किती हसली.

१९ मार्च, गुरु.
पाडवा. वाढ बत्तीस. लीद पाण्यात टाकून बघितली, तळ स्वच्छ. परवा त्याच्यावर तीन लहान मुलं बसली, तो शहाण्यासारखा चालला.

स्टड फार्मसाठी सरांनी माझंच नाव दिलं. मी म्हटलं, सर, मी चार्टवर खोटं लिहिलं होतं. म्हणाले, "तेही मी त्यांना कळवलंय. तरी ये म्हणाले."

आनंद झाला. अर्धा तास टिकला. मग विचारलं, आणि सुलतान? सर म्हणाले, वजन होईल. पण तू गेल्यावर तो खाणार नसेल, तर ट्रस्टी त्याला ठेवणार नाहीत.

२४ मार्च, मंगळ.
चाचांचे रोजे संपले, ईद झाली. महिनाभर त्यांना 'सुलतानसोबत खा' म्हणताच येत नव्हतं, आज बसले माझ्या जागी, चहा आणि खारी घेऊन. मी दारात. सुलतानने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला बघत राहिला. चाचा म्हणाले, "तू दिखती है ना, इसलिए."

२५ मार्च, बुध.
मी भिंतीमागे. तरी नाही. दुपारी मी बसले तेव्हा खाल्लं.

२८ मार्च, शनि.
भिंतीमागे. चार घास, मग बंद. चाचा खूश, म्हणतात चार म्हणजे चार. दामूकाकांना फोन केला. ते म्हणाले, "खाईल. मला बी एकल्याने खायची लगेच कुटं सवय झाली." मग म्हणाले, "मी येऊ का गं? कोनी गाडीतून आनलं तर." त्यांना ओटीवरून उतरायला दोन माणसं लागतात.

३० मार्च, सोम.
फितीत एक्केचाळीस. सरांनी तीनदा मोजलं. ट्रस्टी उद्या निर्णय घेणार. उद्या सकाळी तो चाचांसोबत खातो की नाही, त्यावर.

कोणाला सांगणार नाही, फक्त इथे लिहिते. त्याने उद्या खाऊ नये असंही मला वाटतंय. माझ्यावाचून कोणाचा तरी घास अडतो, हे आयुष्यात पहिल्यांदाच. वरातवाला घेऊन जाईल हे माहीत असूनही वाटतंय. अशी आहे मी.

३१ मार्च, मंगळ. सकाळ
बॅग भरून दाराशी ठेवली. पुण्याची गाडी साडेदहाची. आता साडेसात.

चंदी मीच घातली. मानेवरून हात फिरवला आणि बाहेर आले, वळून बघितलं नाही. भिंतीमागे उलट्या बादलीवर बसलेय. मांडीवर मेसची चपाती-भाजी. सर लांब रिंगणाशी उभे आहेत, इकडे न बघता.

आत चाचांनी खारी मोडली, ते ऐकू आलं. मग चहाचा घोट. मग काहीच नाही.

वाटलं, मी खाते की नाही ते त्याला भिंतीपलीकडून कळत असेल. म्हणून चपातीचा मोठा घास घेतलाय आणि मुद्दाम आवाज करत चावतेय. सर बघतील तर बघोत. खा रे बाबा. मी इथे खातेय, तू तिथे खा.

पहिली चपाती संपली. दुसरी घेतेय.