नवऱ्याची सही

प्रिय सुमनताई,

तू गेलीस त्याला तीन वर्षं झाली, आणि मी आज तुला लिहायला बसले. कारण सांगते. आज वर्ध्याला आम्हा नर्सबायांचं ट्रेनिंग होतं. गर्भपाताचा फॉर्म कसा भरायचा ते डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, म्हणाल्या. नवऱ्याची लागत नाही. कधीच लागत नव्हती!

मी वहीत ते नीट उतरवून घेतलं. मग चहा प्यायले, बसने पुलगावला आले, कणीक भिजवली. रडू काही आलं नाही गं.

तू पदराने तोंड झाकून आमच्या सरकारी दवाखान्यात आली होतीस ना? "शालू, मागच्या खेपेले मरता मरता वाचली मी. तीन पोरी आहेत. मले आता नाई पायजे." आणि मी काय म्हणाले? भाऊजींची सही आण. नसबंदीच्या कागदावर नवऱ्याची सही घ्यायची आमची रोजची सवय. हाही तसाच कागद असेल, असं मीच धरून चालले. डॉक्टर आतच बसले होते. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

"अंग माह्यं, अन् सही त्याची काऊन?" तू विचारलंस. मी तुझ्यावरच चिडले.

"त्यायले पोरगा पायजे. ते कायले सही करतात? तूच ठोकून दे ना त्यायच्या नावाची!" किती चिडवून म्हणालीस! मी मात्र नोकरी जाईल म्हणून तुला दटावलं. ताई, तूही जरा हटून बसायचं होतंस की. एरवी मला दोन धपाटे घालायला मागेपुढे पाहत नव्हतीस.

कायदा तर बहात्तर सालीच लागू झाला होता.

आठ दिवसांनी तुला बैलगाडीतून आणलं. पोट पाडायला कुण्या बाईकडून काडी घालून घेतली होतीस. अंग तापाने भाजत होतं. तेव्हा तुला आत घ्यायला कुणी कुणाची सही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तुझा देह घरी न्यायच्या कागदावर मात्र भाऊजींनी सही केली. कुठे करायची ते मीच बोट ठेवून दाखवलं.

तुला माझा राग आला होता का? निदान तेवढं तरी बोलायचं होतंस.

तुझी थोरली आता मॅट्रिकला आहे. "मावशी, मले तुह्यासारखीच नर्स व्हायचं आहे," म्हणते. तिला वाटतं, तू टायफॉइडने गेलीस. मीच तसं सांगितलं होतं.

येत्या रविवारी तिच्याकडे नाचणगावला जाते. ती काडी, तो कागद आणि मी, सगळं तिला सांगीन. त्यानंतर तिने मला मावशी म्हटलं नाही तरी सांगीन.

तुला दारातून परत पाठवणारी,
तुझी शालू