‘भेटला’ आणि ‘भेटले’

प्रिय दादा,

बाबांशी भांडून तू घर सोडलंस, त्याला नऊ वर्षं झाली. मी आता शब्दकोशाच्या कचेरीत असते. आज ‘भेटणे’ या शब्दावर लिहिलं: ‘तो मला भेटला’ म्हणजे योगायोगाने, ‘मी त्याला भेटले’ म्हणजे मुद्दाम जाऊन.

मागच्या महिन्यात मी घरी सांगितलं, “दादा बाजारात भेटला.” खरं तर तुझं घड्याळांचं दुकान मी शोधून काढलं आणि काचेतून बघून परतले. बाबांनी विचारलं, “माझी चौकशी केली?” मी बेधडक “हो” म्हणाले.

हे पत्र टपालात टाकत नाही, हळूच तुझ्या हातात देईन, कारण उद्या आम्हीच येतोय. बाबांनी शर्टाला स्वतः इस्त्री केलीय आणि मला बजावलंय, “त्याला सांगायचं, बाबा मला वाटेत सहज भेटले.”

तू नुसती मान डोलाव.

तुझी,
धाकटी