नदीचं तारण

आई,

आधी हसून घे, मग पुढचं वाच. समुद्राच्या पातळीखालच्या ज्या देशात लोक पाणी उपसून बाहेर टाकण्यासाठी कर भरतात, त्या देशात बसून तुझ्या लेकीने पाण्याची किंमत ठरवायचं काम धरलं. माझं ऑफिस हूफडॉर्पला. ते गावच मुळी एका उपसलेल्या तळ्याच्या तळाशी वसलंय. माझा साहेब तिथलाच. पाणी म्हणजे त्याच्या दृष्टीने घरात घुसणारा आगाऊ पाहुणा. नदीचं पाणी तारण ठेवतात हे ऐकून तो म्हणाला, ‘ठेवून घेणाऱ्याला शिक्षा म्हणून का?’ पण काम आलं होतं आणि ते करायला त्याच्याकडे मीच होते.

तुझ्या बँकेच्या भाषेत सांगते. ऑस्ट्रेलियात एक खाण आहे. खाण बंद झाली की मागे विषारी गाळ उरतो, तो साफ करायचा खर्च मोठा. कंपनी मधेच पळून गेली तर काय, म्हणून तिथलं सरकार आधीच तारण मागतं. या कंपनीने रोकड काही काढली नाही. तिला शेजारच्या नदीतून पाणी उपसायचा हक्क होता, तोच तिने पुढे केला. त्या हक्काची किंमत किती, ते आम्ही सांगायचं. कंपनीला ती घसघशीत हवी होती, हे सांगायला नकोच. आणि माझं कॉन्ट्रॅक्ट नेमकं तेव्हाच संपत आलेलं. साहेब स्पष्ट म्हणाला, ‘हे गिऱ्हाईक गेलं तर तुला ठेवणं कठीण आहे.’ इथली माणसं गोड बोलून गळा कापत नाहीत, कापायचा असेल तर आधी कळवतात. जावई तुझा फेल्डहोवनच्या कंपनीत मानाने रुजू झाला, त्याच्यामागून आलेली मी कितीतरी वर्षं न्यूनेन गावातल्या घरात भाज्या चिरत बसले होते. मोठ्या मुश्किलीने मिळालेली ही नोकरी मला काही केल्या सोडायची नव्हती.

त्यात कोरोना. विमानं बंद, ऑफिस बंद. म्हणून नदीची पाहणी व्हिडिओ कॉलवर! उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय? वरची खोली जावयाने बळकावलेली, मी स्वयंपाकघरात. बाहेर पाऊस, त्यामुळे माझ्या मागे वाळत घातलेले कपडे, अगदी मधोमध त्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. तुझी नात कानाशी येऊन सांगते, ‘ममा, एव्हरीवन कॅन सी पापाज पायजमा.’ तोवर सगळ्यांनी बघून झालेला असतो.

समोर खाणीवरचा माणूस, उन्हाने रापलेला, मोठा गप्पिष्ट. फोन हातात धरून तो काठाकाठाने चालतोय, नदी दोन्ही काठांनी भरून वाहतेय. कंपनीचे हिशेबवाले खूश, साहेब घड्याळाकडे बघतोय. आणि मला तू दिसतेस. बँकेच्या जीपमधून तू विहिरी बघायला निघालीयस, शाळेला सुट्टी म्हणून मी मागच्या सीटवर. तो बर्फाचा कारखाना काढणारा आठवतो? कर्जासाठी विहीर तारण ठेवायला निघालेला. विहीर कशी तुडुंब! तुझ्याबरोबरचे साहेब वाकूनवाकून बघतायत आणि तू सरळ त्याच्या बायकोजवळ जाऊन बसलीस. चहा घेतलास, तिच्या लोणच्याची चौकशी केलीस आणि मग हळूच म्हणालीस, ‘मे महिन्यात धुणं कुठे हो धुता वहिनी?’ ती माउली भाबडेपणाने म्हणाली, ‘धुणं? ते माहेरी पाठवते. हे पाणी तर काल टँकरने आणून ओतलंय.’ परतताना जीपमध्ये तू इतकी हसलीस की ड्रायव्हरने गाडी थांबवली.

तर मी माइक चालू केला आणि त्या रापलेल्या माणसाला विचारलं, ‘मे महिन्यात तुम्ही धुणं कुठे धुता?’ साहेबाला वाटलं, मागच्या पायजम्याचा काहीतरी संबंध आहे. तो माणूस मात्र आनंदाने म्हणाला, ‘मे? मेमध्ये काय, पाणीच पाणी! पावसाळा सुरू होतो.’ अगं, मी विसरलेच की पृथ्वीच्या त्या टोकाला सगळं उलटं! आपल्या मेसारखा उन्हाळा त्यांच्याकडे जानेवारीत. इतकी खजील झाले म्हणून सांगू! पण तोंड उघडलंच होतं, म्हणून म्हटलं, ‘बरं, मग जानेवारीत?’ तो हसत म्हणाला, ‘जानेवारीत कपडे ट्रकने शहरात पाठवतो. नदीत तेव्हा नुसते दगड असतात.’

हिशेबवाल्यांपैकी एकाचा कॅमेरा बंद झाला, मग दुसऱ्याचा. साहेब ताठ बसला. मग त्याने खोदून खोदून विचारलं. हिवाळ्यात ते पाणी खाणीशिवाय दुसरं कुणी घेत नाही आणि उन्हाळ्यात घ्यायला पाणीच नाही. म्हणजे खाण बुडाली की तारणही तिच्याबरोबर बुडालं. आम्ही किंमत शून्य लिहिली. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी गेलं. मी दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला, ‘कॉन्ट्रॅक्ट वाढवतोय. या दिवसांत नवीन माणूस शोधायचा मला कंटाळा आहे.’ शिवाय म्हणाला, ‘काम वाईट नव्हतं.’ इथे याहून मोठं कौतुक कुणी करत नाही.

हे तुला पाठवायचं तर इथल्या पोस्टाला पोस्टकोड आणि घरनंबर लागतो, तू गेलीस तिथे दोन्ही नाही. म्हणून इथेच ठेवते. फक्त एक सांगते. आता ऑफिसात सगळे मला मोठी हुशार समजतात. पण आई, मी काही ओळखलं-बिळखलं नव्हतं गं. भरघोस किंमत लिहून अहवाल पाहणीच्या आदल्या दिवशीच तयार होता, मी सही करणार होते. एवढं पाणी बघून तुझी आठवण अनावर झाली आणि तुझं बोलणं एकदा माझ्या तोंडून ऐकावंसं वाटलं, म्हणून विचारलं.