शड्डू ठोकणारा रक्तपिपासू

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबांना,

संयोगिताचा नमस्कार. साष्टांग घालायचा तर तुम्ही समोर उभे राहायला हवेत, आणि ते तर मे महिन्यापासून बंद आहे. तेव्हा तूर्त कागदावर टेकलेलं डोकं गोड मानून घ्या.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तेजस्वीची सहामाही झाली. गणितात कमी पडले म्हणून रडली, आणि दुसऱ्या मिनिटाला आइस्क्रीम मागून मोकळी झाली. तुमच्या जावयांची पाठ धरली आहे, पण गाडी चालवायचं काही सोडत नाहीत. आईच्या गुडघ्याला रोज तेल लावता ना? तिला फोनवर विचारलं की "लावत्यात की" म्हणते, पण ती तुमच्याच बाजूने बोलणार. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. उचगाव इथून स्कूटीवर वीस मिनिटं, पोस्टाला दोन दिवस लागतील. हसायचं तर हसा.

आता एक साधी गोष्ट विचारते. रागावणार असाल तरी विचारतेच. माझ्या पुस्तकाच्या उरलेल्या सगळ्या प्रती दुकानातून उचलून नेल्या, त्या तुम्हीच ना?

पुस्तक म्हणजे तेच, 'ब्रह्मपुरीचा पाहुणा', ज्याचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही. सातवाहनांच्या काळातली पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी, आणि तिथे माणसांचं रक्त पिऊन शेकडो वर्षं जगणारा सोमक. मी पाच वर्षं त्यात घातली. आणि मे महिन्यात प्रकाशनाच्या दिवशी त्या निवेदिका बाईंनी अख्ख्या पुस्तकातून नेमका तोच उतारा वाचायला काढला, ज्यात सोमक कुंभाराच्या ओट्यावरून उठताना मांडीवर हलकासा शड्डू ठोकतो. उचगावची दोन बाकं भरून माणसं होती. पहिल्यांदा कोण हसलं ते मला माहीत आहे, पण नाव लिहीत नाही. मग सगळीच हसली आणि सगळ्यांनी तुमच्याकडे माना वळवल्या. पोरगी चहा आणते म्हणाली तरी मांडीवर शड्डू ठोकून उठणारा माणूस अख्ख्या उचगावात एकच आहे. तुम्ही टोपी घातली आणि निघून गेलात. सत्काराची शाल तशीच खुर्चीवर राहिली. ती माझ्याकडे आहे, धुऊन ठेवली आहे.

त्यानंतर लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलंच. वर्तमानपत्रात आलं की काळ छान उभा केलाय, रक्तपिपासू मात्र उसना वाटतो. आमच्या कॉलेजातले इतिहासाचे सर मला स्टाफरूममध्ये गाठून म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे वेताळ हाय, मुंजा हाय, मग हे बाहेरचं भूत कशाला?" एकाने इंटरनेटवर लिहिलं की मी ब्रह्मपुरीची बदनामी केली. त्याच्याच खाली कुणीतरी लिहिलं की भीतीच वाटत नाही, उलट तो पाहुणा आला की बरं वाटतं. ते एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पुस्तक फारसं खपत नव्हतं, हेही सांगून टाकते. आणि मग सप्टेंबरात प्रकाशकांचा फोन आला की उरलेल्या प्रती एकाच माणसाने नेल्या. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "पांढरी टोपी, कान मोडलेला, पैलवान गडी. टेम्पो घेऊन आलते." मोडलेले कान कोल्हापुरात काही कमी नाहीत, पण टेम्पो घेऊन पुस्तकं न्यायला येणारा एकच.

माझ्या मनात काय आलं ते स्पष्टच लिहिते. मला वाटलं, तुम्ही ती जाळायला नेलीत. गावात कुणाच्या हाती पडू नयेत, कुणी पुन्हा हसू नये म्हणून. गुऱ्हाळं सुरू झाल्यावर मी गरम गूळ खायच्या निमित्ताने अमरसिंह काकांच्या गुऱ्हाळावर गेले होते, ते त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. गुळाकडे माझं लक्ष नव्हतं. मी गूळ शिजवायच्या चुलवाणाच्या तोंडाशी वाकून कागदाची राख दिसते का ते बघत होते. काका म्हणाले, "पोरी, तोंड भाजंल की." एवढी शिकलेली बाई मी, आणि बापाच्या मागावर चुलवाणात डोकं घालून बसले.

आणि मग फोन यायला लागले.

मागच्या पानावर माझा नंबर छापायची दुर्बुद्धी कुणाची होती, देव जाणे. पहिला फोन शिरोली एमआयडीसीतून, नागसेन नावाचा फाउंड्रीत साचे भरणारा माणूस. म्हणाला, "बाई, पुस्तक चांगलं हाय, पण एक चूक हाय. निम्म्या पुस्तकापतुर तुमचा सोमक गप उठतोय, गप बसतोय. फुडं अचानक शड्डू ठोकाय लागतोय. असं कसं? आदीपास्नं ठोकायला पायजे का नको?" मी म्हटलं, बघते, छपाईत काही झालं असेल. छपाईत काही झालेलं नव्हतं. मी त्या माणसाशी खोटं बोलले.

मग त्यानेच हळूच विचारलं, "आणि बाई, खरं सांगा, ह्यो रगात पिणारा म्हातारा म्हंजे तुमचं वडील काय?"

शिरोलीतल्या अनोळखी माणसाला माझे वडील कसे माहीत? पुस्तक कुठून आणलंत विचारलं तर म्हणाला, फुकट मिळालं. दुसऱ्या दिवशी कबनूरहून तानाबाईंचा फोन. त्यांना नातीने वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "रगात पितोय खरं, पण कुंभाराची भाकरी खाऊन झाल्याबिगर पीत न्हाई. आमच्या घरात बसून पिणारी इचारतबी न्हाईत." आणि मग तोच प्रश्न. तुझा बा हाय काय त्यो? मला तर वाटत न्हाई बाई. त्यानंतर आणखी फोन आले. कुणी म्हणायचं, कादंबरी मस्त. कुणी म्हणायचं, झोपच लागली. एकाने तर पुस्तक परत घ्या म्हणून भांडण काढलं. पण शेवटी सगळे तिथेच यायचे. निम्मे म्हणायचे, तुमचे वडीलच ते. निम्मे म्हणायचे, छे, ते नव्हंत.

आबा, मला काय वाटलं असेल? मला वाटलं, तुम्ही जाळलं नाहीत, त्याच्याहून वाईट केलंत. गावोगाव हिंडून माझं पुस्तक फुकट वाटताय आणि सांगताय की बघा, पोटच्या पोरीने मला रक्तपिपासू केलं. मी रागाने दोन रात्री नीट जेवले नाही. तुमच्या जावयांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, तर मला वाटलं हेही तुम्हाला सामील आहेत. संशय हे आपल्या घरचं जित्राब आहे, घालू तेवढं खातं.

आईला मी सांगितलं होतं की गेल्या पंधरवड्यात माझं तिकडे येणं झालं नाही. ते खरं नाही. त्याच पंधरवड्यातल्या एका रविवारी शिरोलीच्या तालमीत रक्तदान शिबिर होतं, तिथे मी आले होते.

त्याच्या आधी नागसेनला पुन्हा फोन करून मी खोदून विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला, "रगात दिलं, हे दिलं. गेल्या वर्षी पाण्याचा जार दिलता. फुडचं शिबिर आमच्या तालमीत हाय." शिबिरात रक्त देणाऱ्याला भेट म्हणून माझी कादंबरी! रक्त काढून घ्यायचं आणि रक्त पिणाऱ्याची गोष्ट हातात ठेवायची. हे ऐकून मी आधी चिडले आणि मग एकटीच हसत सुटले. तरी संशय गेला नाही. तुम्हाला रंगेहाथ पकडायचं ठरवून तोंडाला स्कार्फ बांधून आले. इथल्या निम्म्या बायका स्कूटीवर तशाच फिरतात, त्यामुळे कुणी वळूनही बघितलं नाही.

फक्त अक्षताने ओळखलं. माझी जुनी विद्यार्थिनी, आता रक्तपेढीत काम करते. डोळ्यांवरून ओळखलं म्हणाली. मंडपाच्या मागे नेऊन तिने मला सांगितलं, "मॅडम, आबा ऑगस्टात रक्त द्यायलाच आलते, नेहमीसारखं. पासष्टी उलटली, आता घेता येत न्हाई म्हटलं तर खाटेवरनं उठंनात. एकदाच घ्या की, म्हणत हुते. आमाला लई वाईट वाटलं. फुडच्या शिबिराला पुस्तकांची पोती घिऊन आले. म्हणाले, रगात घेत न्हाईसा तर हे वाटायला तरी बसू द्या."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात कापडापलीकडून तुमचा आवाज आला. एका पोरगेल्या गड्याला पुस्तक देत होतात.

"माझ्या लेकीनं लिव्हलंय. शिकल्याली हाय. वाचा आणि फोन करून सांगा, चांगलं हाय का वाईट हाय. आणि एक सांगा, ह्यो रगात पिणारा मी हाय काय? मला निम्म्याच्या फुडं वाचवंना."

मी तिथून निघून गेले. पुढे आले नाही. घरी येईपर्यंत स्कार्फ ओला झाला होता. तेव्हापासून हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे, आणि आजही बघा, गुडघ्याचं तेल आणि गणिताचे मार्क यातच निम्मा कागद घालवला.

आबा, मी नऊ वर्षांची असताना माझ्या अंगात रक्त तयार व्हायचं थांबलं होतं. कारण डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. वर्षभर मी दुसऱ्यांच्या रक्तावर जगले. मला आठवतात ते दवाखान्याच्या जिन्यावर ओळीने बसलेले तालमीतले पैलवान, आणि ओळीत पहिले तुम्ही. बाटली संपली की दुसरी लागायची. तुम्ही दंडावरचा कापूस दाबत यायचात आणि विचारायचात, "काय गं, गोड हाय का आमचं रगात?" मी बरी होऊन घरी आले. सकाळी अंथरुणावरून उठताना मी मांडीवर थाप मारली, तेव्हा आई हसत म्हणाली, "बघा, बापाचं रगात बोलाय लागलं." मी अजूनही तशीच उठते. वर्गात पोरं हसतात.

आता नागसेनच्या चुकीचं सांगते. ती चूक नाही. पुस्तक पुन्हा उघडा आणि पहिलं प्रकरण बघा. त्यात कुंभार चाकावरून उठताना मांडीवर थाप मारतो. दुसऱ्या प्रकरणातही मारतो. पुस्तक निम्म्यावर आलं की तो आपला हात सोमकापुढे धरतो आणि म्हणतो, घे. त्यानंतर सोमक शड्डू ठोकायला लागतो. तो शड्डू त्याचा नाहीच, कुंभाराचा आहे. ज्याचं रक्त प्यायला त्याची सवय लागली. तुम्ही नेमकं तिथे पुस्तक मिटलंत.

कुंभार तुम्ही आहात, आबा. पहिल्या पानापासून आहात. त्याच्या मांडीवरची थाप तुम्ही वाचली असणार, पण तिथे तुम्हाला तुम्ही दिसला नाहीत. पिणाऱ्याने एकदा थाप मारली आणि लगेच स्वतःला ओळखलंत. अख्ख्या जिल्ह्याला रक्त देत फिरलेल्या माणसाने स्वतःवरच असा संशय घ्यावा? मी जगाचा संशय घेते, तुम्ही स्वतःचा घेता. याचा मला किती त्रास होतो ते इथे लिहिता येत नाही.

आणि सोमक कोण, ते आता तुम्हाला कळलंच असेल. शेकडो वर्षं दुसऱ्याच्या रक्तावर जगतो आणि आभार मानायला तोंड उघडत नाही. आभार मानले तर रडू येईल, या भीतीने तो नुसता बसून राहतो. हे मी पाच वर्षं लिहीत होते. तोंडाने सांगायला पाच मिनिटं लागली असती, पण ते मला जमलं नाही.

प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतो म्हणतात. वडिलांना त्रास होत असेल तर तो शड्डू काढून टाकूया का, असंही त्यांनी विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही निम्म्याच्या पुढे वाचा आणि मग सांगा. काढा म्हणालात तर काढेन, आणि तुमच्यावर रुसणार नाही.

त्या आजारामुळे माझं रक्त तर कधीच घेत नाहीत. आता तुमचंही घेत नाहीत. पुढच्या शिबिरात तुमच्या टेबलाशी आणखी एक खुर्ची मांडून ठेवा. स्कार्फ न बांधता येईन. कुणी विचारलं की ह्यो रगात पिणारा कोण, तर तुम्ही गप्प बसा. मी मांडीवर थाप मारून उभी राहीन.

शाल घेऊन येते.

तुमचं रक्त प्यालेली,
संयोगिता