डाव्या कानाची टोपी

प्रेम नगर, झाशी

प्रिय कमू,

हे पत्र हरिभाऊंची सून तुझ्या हाती देईल. ती आज संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघते आहे. आपल्या झाशीच्या मराठी घरांत पूर्वी कोणी पुण्याकडे निघालं की त्याच्या हाती एक डबा आणि एक चिठ्ठी द्यायची पद्धत होती. मोबाइल आल्यापासून नुसता डबाच जातो. आज चिठ्ठीही जाते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. बाबांचा फोन तू होळीपासून उचललेला नाहीस, आणि माझ्याशी बोलताना गाण्याचं नाव निघालं की तुझ्या कुकरची शिटी होते. इतक्या शिट्ट्यांनी त्या डाळीचं काय होत असेल देव जाणे. मेसेज लिहिला असता तर तो बाबांनीच लिहून घेतला, असं तू म्हणाली असतीस. त्यांना या पत्राची खबर नाही. ते आतल्या खोलीत कूलरसमोर पडले आहेत.

बाबांनी तुझं रेकॉर्डिंग ऐकून ते बेसूर ठरवलं, शिष्यवृत्तीसाठी पाठवू नकोस म्हणाले, आणि तू ते पाठवलं नाहीस. मग क्लास सोडलास आणि तंबोरा मैत्रिणीच्या घरी नेऊन ठेवलास. एवढं आपल्या तिघांनाही माहीत आहे. पण त्याच्या आधी आणि नंतर या घरात काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. मला गाण्यातलं कळत नाही हे तू लहानपणापासून ऐकवत आलीस, तेव्हा मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगीन.

तू दिवाळीला ते इअरफोन पाठवलेस तिथून सुरुवात करते. डबी उघडली तर इवलेसे दोन नग आणि टोप्यांचा हा ढीग, काही रबराच्या, काही फोमच्या, काही एकीवर एक चढवलेल्या. मला वाटलं तू कोणाच्या तरी बारशाच्या कुंच्या चुकून इकडे पाठवल्यास. मग तू व्हिडिओ कॉलवर बाबांची शिकवणी घेतलीस. वायर कानावरून मागे घ्यायची, विरुद्ध हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मग नग जरा फिरवत आत बसवायचा. फोमची टोपी बोटांत वळून बारीक करायची आणि कानात गेली की फुगेपर्यंत धरून ठेवायची. खर्ज पातळ वाटला तर टोपी नीट बसली नाही असं समजायचं, आवाज वाढवायचा नाही, टोपी बदलायची. दोन्ही कानांचं माप सारखं असेलच असं नाही, हेही तूच सांगितलंस. बाबा शाळेतल्या हुशार मुलासारखी मान डोलवत होते. लोणच्याला हात लावण्याआधी हात कोरडे करा हे मी लग्नापासून सांगते आहे, त्यावर कधी अशी मान डोललेली नाही.

त्यांच्या उजव्या कानाला मधली टोपी बसली आणि डाव्याला मोठी. ज्या दिवशी ते जुळलं त्या दिवशी माणूस जेवायला उठेना. तंबोऱ्याची जवारी, तारेवरून बोट सुटतानाचा आवाज, गाणाऱ्याने श्वास कुठे चोरला ते, सगळं ऐकू येतं म्हणाले. "इंदू, सच सांगतो, आजवर मी भिंतीपलीकडून ऐकत होतो." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी तुझ्या जन्मानंतर पाहिला नव्हता. छावनीच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर फायली सांभाळल्या, पण गावात त्यांना ओळखतात ते कानासाठी. दतिया गेटच्या भजनी मंडळाची पेटी असो की गणेशोत्सवातला तंबोरा, लोक म्हणायचे, मधुसूदनजी को दिखा लो. दोन स्वर जुळत नसले की त्यांनी दोष वाद्यात शोधला, आणि तो दर वेळी वाद्यातच सापडला. ही सवय हाडीमांसी खिळलेली होती, कमू. पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

संक्रांतीनंतर त्यांना सर्दी-ताप आला होता, तुला आठवत असेल. ताप उतरला त्या सकाळी इअरफोन लावले आणि म्हणाले, डावी बाजू बसली, आवाज अगदी दबका येतो. झालं, टोप्यांची परेड सुरू. मोठी काढून लहान घातली, रबराची काढून फोमची घातली, छोट्या ब्रशने जाळी साफ केली. बाजारातल्या मोबाइलवाल्याने बघून सांगितलं, "अंकल जी, रबर ढीली पड़ गई है, नई लगा लो." नवी लावली. तू फोनवर म्हणालीस, सर्दीत कान आतून सुजतो, थोडे दिवस लहान टोपी वापरा. तेही केलं. मग दोन्ही नगांच्या वायरी उलटसुलट लावून पाहिल्या, तरी डावी बाजू बसलेलीच. म्हणजे वायर ठीक, दोष डाव्या नगात, असं त्यांनी ठरवलं. डावा नग उजव्या कानात घालून पाहिला असता तर तिथेच उलगडा झाला असता, पण ते नग डाव्या-उजव्या चपलेसारखे असतात, एकाचा दुसऱ्यात बसत नाही. मी चेष्टेने म्हटलं, ऐकू येईना, इअरफोन वाकडा. ते हसले, मीही हसले. घरात, बाजारात, पुण्यात, कोणालाच कान आठवला नाही.

डावा नग कंपनीकडे दुरुस्तीला गेला. तो तिकडे असतानाची गोष्ट. सकाळी ते छावनीच्या रस्त्याने फिरायला गेले होते. मागून डाव्या बाजूने फौजेची गाडी आली, हॉर्न वाजवत राहिली, आणि हे आपले उजवीकडे गाडी शोधत रस्त्याच्या मधून. शेवटी एका जवानाने उतरून हात धरून बाजूला केलं आणि म्हणाला, "बाबूजी, कान में क्या ठूँस रखा है?" कानात काही नव्हतं. उजवा नग घरी डबीत होता. घरी येऊन त्यांनी हे मला विनोद म्हणून सांगितलं, आजकालच्या पोरांना म्हाताऱ्यांच्या कानात मोबाइलच दिसतो, असं म्हणून. मी पोळ्या लाटत होते. मला हसू आलं नाही, पण का आलं नाही ते तेव्हा कळलं नाही.

तुझं रेकॉर्डिंग आलं ते याच दिवसांत. बाबांनी ऐकल्याशिवाय या घरातून कोणाचं गाणं बाहेर जात नाही, हा आपला नियम. तूही तो पुण्यात बसून पाळलास. त्यांनी ते लगेच ऐकलं नाही. नग येऊ दे म्हणाले, मुलीचं गाणं अर्ध्या कानाने ऐकायचं नाही. होळीच्या तोंडावर नग परत आला, कंपनीने कळवलं होतं की त्यात काही बिघाड नाही. त्यांनी लावून पाहिला, डावी बाजू अजून बसलेलीच. मग मोबाइलमध्ये डाव्या बाजूचा आवाज वाढवायची सोय त्यांनी शोधून काढली, ती पुरती वाढवली, आणि पहिल्यांदा लावलं ते तुझं गाणं. दुसऱ्या दिवशी तुला ते पाठवायचं होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. पुन्हा ऐकलं, पुन्हा उतरलं. तंबोराच लागलेला नाही म्हणाले, षड्ज दोन ठिकाणी ऐकू येतो आणि पोरगी दोन्हींच्या मध्ये लोंबकळते आहे. मी म्हटलं, तिच्या गुरूंनी तर ऐकलं असेल ना. तर म्हणाले, गुरूंना तिला खूश ठेवायचं असेल, मला नाही. आणि त्यांनी तुला फोन लावला. ते तुला काय काय बोलले ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "नाव घालवशील" हे तर बाहेर गल्लीतही ऐकू गेलं असेल. शेवटी तू म्हणालीस, "बाबा, मेरे पास कान ही नहीं है," आणि फोन ठेवलास. मला त्यांचा फार राग आला, कमू. तो अजून गेलेला नाही.

होळी झाल्यावर एका दुपारी त्यांनी मन रमवायला आपली जुनी रेकॉर्डिंग लावली, ज्यांची ताननतान त्यांना पाठ आहे ती. एक लावलं, बंद केलं. दुसरं लावलं, बंद केलं. मी दारात उभी होते. त्यांनी तरुणपणापासून ज्यांना डोक्यावर घेतलं ते सगळे गवई त्या दुपारी बेसूर गात होते. मग ते उठले, कोपऱ्यातली आपली पेटी उघडली आणि एकच स्वर दाबून धरला. डावा कान झाकून ऐकला, मग उजवा झाकून ऐकला. मग भाता सोडून दिला. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "इंदू, डॉक्टरकडे जायला हवं." या माणसाने आयुष्यात स्वतःहून डॉक्टरचं नाव काढलेलं मला आठवत नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आणि भल्या आहेत. तपासणी झाल्यावर त्यांनी सांगितलं की डाव्या कानाची नस एकाएकी गेली आहे, बहुधा त्या सर्दी-तापात. इअरफोनचा काही संबंध नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं, तुझ्यासाठी. अशा कानाला आवाज कमी येतो आणि जो येतो त्याचा सूरही बदललेला असतो. त्यांनी एकच सूर देणारा तो लोखंडी चिमटा, नादकाटा, वाजवून एकेका कानाशी धरला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "ये वाला उतरा हुआ है." बाई म्हणाल्या, "अंकल जी, शुरू के दिनों में आ जाते तो दवा से शायद लौट आता. इतने दिन क्या कर रहे थे?" टोप्या बदलत होतो असं बाबा कसं सांगणार. दिली ती औषधं म्हणजे वरातीमागून घोडं, हे बाईंनाही माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी फक्त उजवा नग लावला आणि तुझं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मी समोर बसून होते. संपल्यावर म्हणाले, "शुद्ध आहे. सगळं शुद्ध होतं." आणि रडले. आपल्या घरात पुरुष रडले की बायका तिथून उठून जातात, मी उठले नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिला फोन लावा. तर म्हणाले, काय सांगू? बहिऱ्याने बेसूर म्हटलं आणि बहिऱ्यानेच सुरेल म्हटलं, तर पोरीने कशावर विश्वास ठेवायचा? त्यापेक्षा मला ती दुष्ट समजते ते बरं. आणि मला तुझी शपथ घातली. म्हणून मी इतके दिवस गप्प राहिले, आणि तू रोज थोडी थोडी आमच्यापासून लांब जात राहिलीस. आज ती शपथ मोडते आहे. त्याचं पाप लागायचं असेल तर मला लागू दे, तुला नको.

आता कालचं सांगते. काल सकाळी ते खिडकीशी बसून उजव्या नगाची टोपी बदलत होते. मी विचारलं, काय करताय, तर म्हणाले, ढिली झाली बहुतेक, खर्ज पातळ येतोय. मी त्यांच्या हातातून ती टोपी हिसकावून घेतली. चूल बंद केली, दाराला कुलूप लावलं आणि त्यांना रिक्षात घालून सरळ डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत ते कुरकुरत होते, उगाच घाबरतेस म्हणून. बाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. उजवा कानही त्याच वाटेने निघाला आहे. या वेळी आम्ही वेळेवर गेलो, इंजेक्शनं सुरू झाली आहेत. पण बाईंनी वचन दिलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आंटी जी, बच भी सकता है, नहीं भी. अंकल जी को जो सुनना है, सुना दीजिए." बाबा माझ्या शेजारी बसलेले होते. त्यांना हे ऐकू गेलं नाही.

तुझा सूर बरोबर होता, हे सांगायला मी लिहिलं असं तुला वाटेल. तेही सांगायचंच होतं, पण त्यासाठी मी थांबले असते. मी लिहिलं ते तुला बोलवायला. जवळ बसून उजव्या बाजूने बोललेलं त्यांना आज ऐकू येतं. पुढच्या आठवड्याचं मला माहीत नाही. त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला ते अजून जमलेलं नाही. राग घेऊन ये, हवं तर अबोला धरून ये, पण मैत्रिणीकडून तंबोरा मागून घे आणि मिळेल त्या गाडीने ये. त्यांच्या उजव्या हाताला बस आणि गा. त्यांनी काही म्हटलं तरी थांबू नकोस आणि काहीच म्हटलं नाही तरी थांबू नकोस. तुमचं भांडण राहिलं तर राहू दे, ते पुढे कागदावर लिहूनही भांडता येईल. गाणं त्यांना लिहून देता येणार नाही, कमू.

तुझीच, गाण्यातलं काही न कळणारी,
आई