माहेरची वाटी अठरा कॅरेटची

मंगळवार, संध्याकाळ. कुरुळी

उद्या सायलीचं लग्न, आणि माझा जीव त्या एका वाटीत अडकलाय.

मंगळसूत्रात एक वाटी सासरची, एक माहेरची. आमची मी मुद्दाम अठरा कॅरेटची घेतली. सोनार म्हणाला, बावीसचं सोनं मऊ, लवकर चेपतं. अठरात तांबं जास्त, म्हणून टिकतं. पोरगी रोज चाकणला कंपनीत जाते, मला पटलं. आज सासरच्यांनी पाठवलेली वाटी आमच्या वाटीशेजारी ओवून आणली, तर त्यांची पिवळीधमक आणि आमची तांबूस. विहीणबाई काय म्हणतील? हलक्या सोन्यात भागवलं? टिकाऊ म्हणून घेतलं, हे कोण ऐकून घेणार?

हे म्हणाले, "उगाच घोर लावून घेतेस. रंगाचं कुणाला कळतंय? कॅरेटचा शिक्का तर आत असतो."

जरा बरं वाटलं. तेवढ्यात सायलीने आमची वाटी पालथी करून आतला शिक्का बघितला. हळूच म्हणाली, "आई, नव्या नवरीच्या वाट्या वर्षभर उलट्या घालतात ना, आतली बाजू बाहेर करून?"

तेव्हापासून मी नुसती डबी उघडतेय आणि लावतेय.